गुरुजींचं ‘बराबर’ आणि माझा डावा हात

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि सागाची नाही, बाभळीची आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर माझ्यावरून हात फिरवाल आणि नाक मुरडाल. बाभळीची औतं करतात, गाडीची चाकं करतात. खुर्ची कुणी करत नाही. ज्या सुतारानं मला केलं तोसुद्धा विचारत होता, “अरे, हिच्यावर माणूस बसणार हाय का बैल?” पण केलं त्यानं. आणि असं केलं की आजवर माझा एक पाय डुगडुगलेला नाही. बढाई म्हणा हवं तर.

एरवी मी गप्प असते. तुम्ही पाट्या घेऊन माझ्यासमोर उभे राहता, मी तुमचे पाढे ऐकते, झालं. पण मघाशी हेडमास्तर सांगून गेले की उद्या सुतार येणार, शाळेतल्या सगळ्या लाकडी सामानाची दुरुस्ती होणार. तेव्हापासून मी धास्तावले आहे. दुरुस्ती या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. का, ते ऐका.

भोकरदनपासून कोसभरावरच्या एका गावात तातेराव नावाचे तरुण गुरुजी शाळेवर रुजू झाले. त्या शाळेत खुर्ची एकच होती. गुरुजी आले त्याच दिवशी ती दुरुस्तीला गेली. तिचं काय मोडलं होतं कुणाला ठाऊक नाही, आणि ती पुन्हा कधी आली नाही. बौद्ध वस्तीतला माणूस खुर्चीत बसलेला काही लोकांना बघवत नव्हता, दुसरं काय! गुरुजी पोतं टाकून खाली बसले आणि शिकवायला लागले. घरी त्यांनी चकार शब्द काढला नाही. पण त्यांचे वडील कडूबा यांच्या कानावर ते गेलंच. कडूबांनी आपल्या बांधावरची बाभूळ तोडली, सुताराकडे नेली आणि मला करून घेतलं. मग मला डोक्यावर घेऊन ते आपल्या गावाहून शाळेच्या गावापर्यंत चालत गेले. वर्गाच्या दारात मला ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ही घरची खुर्ची हाय. हिला दुरुस्ती लागत न्हाई.”

मित्रांनो, तो माझा पहिला दिवस. त्या दिवसाची ऐट माझ्या अंगात अजून आहे.

गुरुजी रोज सायकलवरून यायचे, माझ्यावर बसायचे आणि एकेका लेकराला गणित घेऊन पुढे बोलवायचे. उत्तर बरोबर आलं की मोठ्यानं म्हणायचे, “बराबर!” आणि लेकराच्या डोक्यावर हात ठेवायचे. उत्तर चुकलं तर काहीच बोलायचे नाहीत. ‘चूक’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ते नुसती उजव्या हाताची बोटं वळवायचे आणि माझ्या उजव्या हातावर हलकेच वाजवायचे. टक टक. लेकरू काय ते समजायचं, जागेवर जायचं आणि पुन्हा मांडायचं. एकदा शाळेत डबा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोनं, गिरिजाबाईंनी, विचारलं होतं की असं कामून करता? तर म्हणाले, “माझ्या लहानपणी मला चूक चूक म्हणूनच वर्गाच्या भाईर बसवलं गिरिजा. तो शब्द मला लेकरांवर टाकायचा न्हाई.”

म्हणजे बघा, गुरुजींचा होकार त्यांच्या तोंडात होता आणि नकार माझ्या उजव्या हातावर. पुढे जे झालं ते यामुळेच झालं.

मोठा दुष्काळ सरला त्या सालची गोष्ट. पोळा जवळ आला होता. गुरुजी माझ्यावर बसून एका पोरीची पाटी बघत होते, आणि बघता बघता उजवीकडे कलंडले. पाटी खाली पडून फुटली. त्यांना लकवा मारला होता. माणसं धावली, त्यांना गाडीत घातलं, औरंगाबादच्या दवाखान्यात नेलं. मला कोण विचारतो! साहेबराव, म्हणजे त्यांचा मोठा मुलगा, नंतर कधीतरी मला घरी घेऊन आला आणि ओसरीत टाकून दिलं. माझ्यावर गोधड्या रचल्या. कोंबड्यांनी माझी पार दशा केली. मला त्याचं काही नव्हतं. मी फक्त गुरुजींची वाट बघत होते.

गुरुजी परत आले तेव्हा उजवा पाय ओढत होते आणि उजवा हात मांडीवर पडून होता. आता जमिनीवर बसलं की उठता येईना, म्हणून गोधड्या निघाल्या आणि मला पुसून घेतलं. पुढे घसरू नयेत म्हणून गिरिजाबाई उपरण्यानं त्यांना माझ्या पाठीशी बांधायच्या. तोंड एका बाजूला ओढलेलं. आणि बोलणं? सगळं बोलणं गेलं होतं. एकच शब्द मागे राहिला होता. बराबर.

“चहा घेता का?” “बराबर.”

“थंडी वाजून राह्यली का?” “बराबर.”

“भाईर नेऊ का आत नेऊ?” “बराबर.”

सुरुवातीला घर हरखून गेलं. निदान एक शब्द तरी आला! मग गल्लीतल्या लोकांना गंमत सुचली. येता जाता कुणी विचारायचं, “गुरुजी, तुमचे बैल घिऊन जाऊ का?” गुरुजी म्हणायचे, “बराबर,” आणि सगळे हसायचे. “गुरुजी आता कशालाच न्हाई म्हणत न्हाईत बघा!” हसायला काय जातंय. माझ्या डाव्या हातावर गुरुजींचा डावा हात असायचा. तो कसा आवळला जायचा ते मला कळायचं. एकदा गिरिजाबाईंनी चहाचा कप त्यांच्या ओठाला लावला आणि विचारलं, “बराबर हाय ना?” गुरुजी म्हणाले, “बराबर,” आणि डोळ्यांतून पाणी आलं. चहा कढत होता, मित्रांनो. मला अगदी ओरडावंसं वाटलं. पण लाकडाला कुठलं तोंड!

ज्या उजव्या हातानं ते नकार वाजवायचे, तो मेल्यासारखा पडला होता. डाव्या हाताला ती टकटक कुणी शिकवलीच नव्हती. त्यानं जन्मभर लेकरांच्या पाट्या धरल्या, बस.

साहेबराव वाईट पोरगा नव्हता हं. सातवी झाल्यावर त्यानं शेती अंगावर घेतली होती. बापाला उचलून न्हाणीत न्यायचा, अंग चोळायचा, कपडे बदलायचा. पण भेदरला होता बिचारा. डॉक्टर म्हणाले होते की पुन्हा झटका येऊ शकतो. त्या भीतीत तो घरातलं एकेक काम उरकत सुटला. एक दिवस माझ्यासमोर येऊन म्हणाला, “अण्णा, सायकल नुसती गंजून राह्यली. इकून टाकू का?” गुरुजी म्हणाले, “बराबर.” दुसऱ्या दिवशी सायकल गेली. गुरुजी दारातून ती जाताना बघत होते आणि त्यांची नखं माझ्या लाकडात रुतत होती.

आता सत्यशीलाबद्दल सांगते. ही साहेबरावची धाकटी बहीण. गुरुजींच्याच हाताखाली शिकली. लहानपणी इतरांसारखीच पाटी घेऊन माझ्यासमोर उभी राहायची, आणि टकटक ऐकून मुसमुसत जागेवर जायची. आता ती भोकरदनला मॅट्रिकच्या वर्गात होती. परीक्षा होळीनंतर होती. मॅट्रिक होऊन तिनं मास्तरीण व्हायचं, हे बाप-लेकीचं जुनं ठरलेलं होतं. गिरिजाबाई सांगायच्या, लकवा मारायच्या आधी गुरुजी घरी आल्यावर दुसरं काही बोलायचेच नाहीत.

हिवाळ्यात तिला स्थळ आलं. मच्छिंद्र नावाच्या एका ओळखीच्या गृहस्थाचा मुलगा होता, जालन्यात नोकरीला. पोरगं चांगलं, माणसं चांगली. पण मच्छिंद्र म्हणाले की लग्न होळीच्या आत झालं पाहिजे, आमच्या घरात बाईमाणूस कमी आहे, आणि परीक्षाबिरीक्षा आता बस झाली. साहेबरावला वाटलं, अण्णांच्या डोळ्यांदेखत बहिणीचं होऊन जाईल. उद्या अण्णा नसले तर बिनबापाच्या पोरीला कोण विचारणार? गिरिजाबाई रडल्या, पण त्यांनाही तेच वाटलं.

सत्यशीला एका दुपारी माझ्यापाशी येऊन बसली. घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हणाली, “अण्णा, मी परीक्षा द्यावी ना?”

“बराबर,” गुरुजी म्हणाले.

तिचा चेहरा उजळला. मग तिनं भीत भीत विचारलं, “का लगीन करू? होळीच्या आत?”

“बराबर.”

गुरुजींचं तोंड वेडंवाकडं हलत होतं आणि पुन्हा पुन्हा तोच एक शब्द बाहेर येत होता. तिनं माझ्या डाव्या हातावर डोकं टेकवलं आणि रडली. मी मनात म्हणत होते, अहो गुरुजी, वाजवा ना! डाव्यानं वाजवा! मी आहे की इथं! पण त्यांचा हात तिच्या केसांवरून नुसता फिरत राहिला.

मच्छिंद्र म्हणाले, गुरुजींचा शब्द गुरुजींच्या तोंडून ऐकला म्हणजे झालं. मग संक्रांतीच्या आसपास साहेबरावनं बेत केला की सगळ्यांनी शेतात हुरड्याला जायचं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की त्यांना बाहेर न्या, माणसांत बसवा. दुष्काळात शिवारात हिरवं कणीस दिसलं नव्हतं. त्या साली ज्वारी अशी भरली होती की बघत राहावं. अण्णांना तेवढंच बरं वाटेल, असं सगळे म्हणत होते. आणि खरं कारण कुणी बोलत नव्हतं.

मला बैलगाडीत चढवलं, दोरखंडानं साटीला, म्हणजे गाडीच्या चौकटीला, बांधलं आणि गुरुजींना माझ्यावर बसवून उपरण्यानं आवळलं. वस्तीतल्या बाया दारात येऊन बघायला लागल्या. एक म्हणाली, “अगं बया, गुरुजी नवरदेवासारखे निघाले की!” गिरिजाबाई हसल्या. लकव्यानंतर त्या पहिल्यांदाच हसत होत्या. सत्यशीला गाडीच्या मागून चालत होती. वाटेत चाक दगडावर चढलं की गुरुजी उजवीकडे झुकायचे, आणि ती धावत येऊन त्यांना सावरायची.

शेतात आंब्याखाली मला उतरवलं. साहेबरावनं गोवऱ्यांची आगटी पेटवली. थोड्या वेळानं मच्छिंद्र आणि त्यांच्या कारभारीण पुष्पाबाई आले. जय भीम झाला, पाणी झालं. निखाऱ्यात कणसं भाजायला लागली, शेंगदाण्याची चटणी, गूळ, वांग्याचं भरीत पुढे आलं. हुरड्याचा वास सुटला. पण हुरडा दोन हातांचा, मित्रांनो. गरम कणीस एका तळव्यात धरून दुसऱ्यानं चोळावं लागतं. गुरुजींनी सवयीनं डावा हात पुढे केला, कणीस घेतलं, आणि मग उजव्याकडे बघत बसले. सत्यशीलानं ते हळूच काढून घेतलं, चोळलं, फुंकलं आणि दाणे त्यांच्या तोंडात घातले. निम्मे ओठाच्या कडेनं खाली सांडले. पुष्पाबाईंनी नजर दुसरीकडे वळवली. मला फार वाईट वाटलं. हा माणूस आगटीभोवती सगळ्यांत आधी बसणारा होता.

मच्छिंद्रांनी हात झटकले आणि ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. “गुरुजी, होळीच्या आत तुमची लेक आमच्या घरी देता ना? तुमचा शब्द पाहिजे.”

“बराबर,” गुरुजी म्हणाले.

“झालं तर मंग!” मच्छिंद्र खूश झाले. साहेबरावनं मान खाली घातली. गावकरी बैल मागून थट्टा करायचे तेव्हा याच शब्दावर तो चिडायचा. आज तोच शब्द त्याला सोयीचा होता, म्हणून खरा वाटला. पुष्पाबाईंनी गुळाचा खडा सत्यशीलाच्या तोंडापाशी नेला.

आणि गुरुजी मोठ्यानं म्हणायला लागले, “बराबर! बराबर! बराबर!”

“बघा, किती आनंद झाला त्यान्ला,” मच्छिंद्र म्हणाले.

आनंद कसला डोंबलाचा! त्यांची पाठ माझ्या पाठीवर ताठली होती. डाव्या मुठीत हुरड्याचे दाणे होते, ते चिरडून बोटांतून गळत होते. मूठ वर उठली, माझ्या हातावर पडली. पुन्हा उठली, पुन्हा पडली. वेडीवाकडी, एकदा काठावर, एकदा मधोमध. गिरिजाबाई घाबरल्या, त्यांना वाटलं दुसरा झटका आला. त्यांनी तो हात धरायला धाव घेतली.

“माय, थांब! हात नको धरू!” सत्यशीला ओरडली. ती खाली, माझ्या पायाशी बसली होती. तिचा कान माझ्या हाताशी होता. तिनं ते ऐकलं होतं. टक टक. मग थांबणं. मग पुन्हा टक टक.

ती उठली. गूळ बाजूला केला, पदर सावरला आणि माझ्यासमोर सरळ उभी राहिली, हाताची घडी घालून, लहानपणी पाढे म्हणताना उभी राहायची तशी.

“अण्णा, दोन न् दोन पाच.”

“बराबर,” तोंड म्हणालं. आणि हात म्हणाला, टक टक.

“अण्णा, दोन न् दोन चार.”

“बराबर.” हात गप्प राहिला.

मच्छिंद्र म्हणाले, “अहो, आजारी माणूस हाय, हात हलतोच. हे काय खूळ काढलं पोरीनं?”

“दादा, तू इचार,” सत्यशीला म्हणाली. “माझ्यावर इश्वास नको ठिऊ. तूच इचार.”

साहेबराव पुढे आला. एवढा बाप्या माणूस, पण माझ्यासमोर आल्याबरोबर त्याचीही हाताची घडी झाली. तोही याच खुर्चीपुढे पाढे म्हणून मोठा झाला होता. “अण्णा,” तो म्हणाला, “सत्यशीलाचं लगीन होळीच्या आत करायचं?”

“बराबर.” टक टक.

“तिनं... तिनं परीक्षा द्यायची?”

“बराबर.” हात वाजला नाही. तो माझ्यावरून हळूहळू उचलला गेला, हवेत चाचपडला, आणि सत्यशीलानं डोकं पुढे केलं तसा तिच्या डोक्यावर जाऊन टेकला. गिरिजाबाई मोठमोठ्यानं रडायला लागल्या.

मच्छिंद्र चिडले. लाकडाच्या टकटकीवर सोयरीक मोडणारं घर आपल्याला नको, असं म्हणाले आणि चपला घालून निघाले. त्यांना तरी काय दोष द्यायचा. पुष्पाबाई मात्र दोन पावलं गेल्या आणि मागे फिरल्या. ओंजळीतला चोळलेला हुरडा त्यांनी सत्यशीलाच्या हातात ओतला. “पेपर नीट लिही माय,” एवढंच म्हणाल्या आणि नवऱ्यामागे गेल्या.

मला वाटलं, संपलं. पण साहेबराव तिथंच उभा होता. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला कळलं, आणि वाटलं, बाबा रे, नको विचारू. पण त्यानं विचारलं.

“अण्णा, तुमची सायकल इकायची व्हती?”

“बराबर,” गुरुजी म्हणाले. माझ्या हातावर टक टक झालं, आधीच्यापेक्षा हलकं.

साहेबराव त्यांच्या पायाशी बसला. “मंग पोळ्यापासून मी जे जे इचारलं,” तो म्हणाला, “त्यातलं किती खोटं व्हतं, अण्णा?” गुरुजींनी हात वाजवला नाही. या प्रश्नाला ‘हो’ही चालत नव्हतं आणि ‘नाही’ही. हुरडा तसाच राहिला. कणसं निखाऱ्यात करपून गेली.

साहेबराव पुढे ती सायकल शोधत बाजार-बाजार फिरला. सापडली नाही.

गुरुजी त्यानंतर काही वर्षं जगले. बोलणं आलं नाही, उजवा हातही आला नाही. पण त्या घरात मग कुणी नुसतं तोंड ऐकून उठलं नाही. काही विचारलं की सगळे माझ्या डाव्या हाताकडे बघत थांबायचे. चहा कढत असला तर टक टक. पाहुणा नको असला तर टक टक, आणि पाहुण्याची पंचाईत! वाजवून वाजवून तिथलं लाकूड गुळगुळीत झालं, थोडा खळगाही पडला. सत्यशीला मॅट्रिकला बसली आणि पहिल्या खेपेला नेमकी गणितातच उडाली. निकाल वाचून दाखवला तेव्हा गुरुजींनी इतक्या जोरात टकटक केलं की घर हसायला लागलं. दुसऱ्या खेपेला पास झाली.

गुरुजी गेले तेव्हा घरात कुणीतरी म्हणालं की मयताची खुर्ची दान करा. साहेबरावनं मला डोक्यावर घेतलं, कडूबांनी घेतलं होतं तसंच, आणि जिथं सत्यशीलाला नोकरी लागली होती त्या शाळेत आणून ठेवलं. ती शाळा म्हणजे ही, मित्रांनो. आणि ती सत्यशीला म्हणजे तुमच्या बाई.

आता उद्या सुतार येईल. रंधा मारेल, घासेल, मला चकचकीत करीन म्हणेल. त्याला माझे पाय बघू द्या, पाठ बघू द्या. उजव्या हाताचंही जे करायचं ते करू द्या. फक्त डाव्या हातावरचा तो खळगा त्याला बुजवू देऊ नका, एवढं माझं ऐका. आणि तुमच्या घरी कुणी आजारी असेल, म्हातारं असेल, ज्याचं बोलणं गेलं असेल, त्याला विचारल्याशिवाय त्याची वस्तू हलवू नका. विचारलंत तर उत्तर येईपर्यंत थांबा. तोंडातून काहीतरी आलं म्हणजे उत्तर आलं असं समजू नका, त्याच्या हाताकडेही बघा.

तुमचं गणित चुकलं की बाई कशा टकटक करतात ते तुम्हाला माहीत आहेच. बाई लिहितात उजव्या हातानं, जेवतात उजव्या हातानं. उद्या जरा नीट बघा, टकटक मात्र त्या डाव्या हातानं करतात.